सत्तरपैकी बारा

सत्तरपैकी बारा गुण मिळालेल्या एका तांब्याच्या नाण्यासाठी जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेतील एका लिलावात ८,६२,५०० डॉलर मोजले गेले. नाणे एका सेंटचे, म्हणजे डॉलरच्या शंभराव्या भागाचे. त्यावरील सन १७९३. हेच नाणे २००४ साली ४,१४,००० डॉलरला विकले गेले होते. आमच्या विद्यापीठात सत्तरपैकी बारा गुण मिळवणारा विद्यार्थी अनुत्तीर्ण ठरतो आणि त्याची कोणी पुन्हा चौकशी करीत नाही. हे नाणे मात्र आपल्या जातीतले सर्वश्रेष्ठ म्हणून ओळखले जाते, कारण त्याच्या प्रकारातील अवघी चार नाणी आजवर सापडली आहेत आणि उरलेल्या तिघांची अवस्था त्याहून वाईट आहे.

साहित्याच्या अभ्यासकांनी नाण्यांच्या बाजारात डोकावण्याचे कारण काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. कारण एका शब्दात सांगता येईल. तो शब्द म्हणजे 'प्रत'. मराठीत प्रत म्हणजे ग्रंथाची नक्कल, आणि प्रत म्हणजे दर्जाही. कापसाची, कांद्याची, आंब्याची आपण प्रतवारी करतो. पोथ्यांच्या प्रती जुळवून पाहतो. एकाच शब्दात या दोन कल्पना आपण सुखाने नांदवल्या आहेत. जुन्या अमेरिकन तांब्याच्या नाण्यांच्या व्यवहारात मात्र या दोहोंची एकदा अशी गाठ पडली, की त्यातून प्रतवारीचा सबंध पायाच संशयास्पद ठरावा. ती हकिगत मराठीच्या वर्गात सांगण्याजोगी आहे असे आम्हांस वाटते. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने १२ नोव्हेंबर २०२५ रोजी चलनासाठीचा शेवटचा सेंट पाडला, तेव्हा वृत्तपत्रांतून या नाण्याच्या जन्मकथेची थोडी उजळणी झाली. तिच्या प्रतवारीची कथा कोणी सांगितली नाही.

अमेरिकेच्या काँग्रेसने २ एप्रिल १७९२ रोजी टांकसाळीचा कायदा केला. मार्च १७९३ मध्ये पहिले सेंट चलनासाठी बाहेर पडले. कायद्याने ठरवलेले तांब्याचे वजन २६४ ग्रेन होते. ते पहिले नाणे पडण्यापूर्वीच २०८ ग्रेनवर आणावे लागले, कारण तांबे महागले होते. पहिल्या नाण्याच्या मागील बाजूवर पंधरा राज्यांचे प्रतीक म्हणून पंधरा कड्यांची साखळी होती. स्वातंत्र्यदेवतेच्या पाठीमागे साखळदंड, ही कल्पना लोकांना रुचली नाही, वृत्तपत्रांतून टीका झाली, आणि ३६,१०३ नाणी पाडून साखळी रद्द झाली. तिच्या जागी पर्णमाला आली. त्याच वर्षी तिसरे रूप आले. ते घडवणारा जोसेफ राइट हा कलावंत सप्टेंबरमध्ये शहरात पसरलेल्या पिवळ्या तापाच्या साथीत मरण पावला, आणि टांकसाळही काही काळ बंद पडली. एका वर्षात तीन रूपे, एक मृत्यू, आणि एकूण सुमारे १,१०,००० नाणी.

त्या काळी ठसे हाताने कोरले जात. एक ठसा फुटला की दुसरा कोरायचा, आणि दुसरा कधीही पहिल्यासारखा नेमका उतरत नसे. केसांची बट वेगळी, आकड्यांमधले अंतर वेगळे, पानांची ठेवण वेगळी. लेखनिकाच्या हातून जसे पाठभेद जन्मतात तसेच हे ठसाभेद होत. पर्णमालेच्या सेंटवर देवतेचे मस्तक आणि खालचा सन यांच्यामध्ये पानांची एक लहानशी डहाळी असते. वर उल्लेखिलेल्या चार नाण्यांवर ती डहाळी इतरांहून निराळी, तीन-तीन पानांच्या गुच्छांची आहे. तिला आधी कोणी क्लोव्हर म्हणाले, पुढे 'स्ट्रॉबेरी लीफ' हे नाव रूढ झाले, आणि ती कापसाची पाने असावीत असेही काहींना वाटले. कोरणाऱ्याच्या मनात कोणते पान होते याचा लेखी पुरावा नाही. नाव मात्र नाण्याला चिकटले, आणि आता ते पान स्ट्रॉबेरीचेच दिसते!

या ठसाभेदांचे पहिले मोठे वाचन करणारे एडवर्ड मॅरिस हे फिलाडेल्फियाचे एक डॉक्टर होते. १७९४ सालच्या सेंटांचे भेद सांगणारी त्यांची पुस्तिका १८६९ मध्ये निघाली. त्यांनी भेदांना अनुक्रमांक दिले खरे, पण शिवाय नावेही दिली. एक 'व्हीनस मरीना', एक दुहेरी हनुवटीची, एक नखरेल, एक 'पॅटागोनियन', आणि एक चक्क कवटीला भोक पाडलेली. शेवटच्या नावात वैद्याची नजर लपत नाही. आमचे मत असे, की प्रतवारीच्या इतिहासातील हा सर्वांत निरोगी क्षण होता. पाहणाऱ्याने काय पाहिले हे नावातच सांगून टाकले होते. ज्याला पटत नसेल त्याने नाणे हाती घेऊन हनुवटी मोजावी.

यानंतर ऐंशी वर्षांनी आकडा आला.

विल्यम हर्बर्ट शेल्डन (१८९८–१९७७) हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्यांचा 'अर्ली अमेरिकन सेंट्स' हा ग्रंथ १९४९ साली निघाला. सुधारलेली आवृत्ती 'पेनी व्हिम्सी' या नावाने १९५८ मध्ये आली. ठसाभेदांची मांडणी म्हणून तो ग्रंथ थोर आहे आणि आजही संग्राहक नाण्याची ओळख शेल्डनच्या क्रमांकानेच सांगतात. त्याच ग्रंथात त्यांनी एक ते सत्तर अशी गुणांची मोजपट्टी दिली. केवळ कोणते नाणे आहे एवढे ओळखता येण्याइतके झिजलेले, ते एक. टांकसाळीतून आताच बाहेर पडल्यासारखे निर्दोष, ते सत्तर.

सत्तरच का, शंभर का नाही? याचे उत्तर डोळ्यांत नसून पाकिटात आहे. शेल्डन यांनी तत्कालीन बाजारात १७९४ च्या सेंटांचे भाव पाहिले. अगदी झिजलेले साधारण नाणे एका डॉलरला मिळते, तर सर्वोत्तम नाणे सुमारे सत्तर डॉलरला जाते, असे त्यांना दिसले. मग प्रत्येक ठसाभेदाची एक मूळ किंमत ठरवायची आणि तिला नाण्याच्या गुणांनी गुणायचे, की भाव तयार. म्हणूनच या मोजपट्टीवरील मुक्कामांची अंतरे विचित्र आहेत: चार, आठ, बारा, वीस, चाळीस, पन्नास, साठ. 'उत्तम'हून 'अतिउत्तम' नाणे डोळ्याला आठ एककांनी चांगले दिसते म्हणून बाराचे वीस होत नाहीत. १९४९ च्या सुमारास ग्राहक तेवढे अधिक पैसे देत होता म्हणून होतात. बाजारभाव पुढे काही वर्षांतच बदलले आणि गुणाकाराचे सूत्र निकामी झाले. ज्या उपपत्तीसाठी आकडा जन्मला ती मेली आणि आकडा तेवढा उरला. १९७० च्या दशकात अमेरिकन नाणकशास्त्रीय संघटनेने तो सर्व नाण्यांसाठी स्वीकारला. १९८६ आणि १९८७ साली प्रतवारी करणाऱ्या दोन मोठ्या खाजगी कंपन्या निघाल्या, आणि नाणे पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचे बंद करून वर आकड्याची चिठ्ठी लावण्याची रीत पडली. आज तुम्ही सोन्याचे, चांदीचे, कालपरवाचे नाणे घ्या. त्याला मिळणारे गुण सत्तरपैकीच असतात. सत्तर का, हे बहुतेकांना ठाऊक नसते.

आकड्याची बाजू मांडल्यावाचून त्याच्यावर टीका करणे अन्यायाचे होईल. आकडा येण्यापूर्वी विशेषणे होती, आणि विशेषणे विक्रेत्याच्या ताब्यात होती. विकताना नाणे 'अप्रतिम', विकत घेताना तेच 'बरे' अशी स्थिती. दूरगावच्या ग्राहकाला नाणे न पाहता पैसे पाठवावे लागत. तिऱ्हाइताने दिलेल्या आकड्यामुळे आणि बंद डबीमुळे बनावट नाण्यांना काही आळा बसला, हेही खरे. १७९८ चा सेंट कोरून त्याचा दुर्मीळ १७९९ करणे हा जुना धंदा होता. नुसत्या उत्साही नजरेला तो फसवू शकतो, जाणकाराच्या भिंगाला सहसा नाही. तेव्हा परीक्षक हवा. आम्ही स्वतः उन्हाळ्याच्या ऐन कडाक्यात उत्तरपत्रिका तपासतो. परीक्षक नको असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे?

आमचा आक्षेप आकड्याला नसून, वर्णन संपवण्याच्या त्याच्या शक्तीला आहे. तांब्याच्या बाबतीत ही गोष्ट फार लवकर ध्यानात येते, कारण तांबे स्वस्थ बसत नाही. हवेतली आर्द्रता, हाताचा घाम, कपाटाचे लाकूड, कागदी पाकीट, सर्वांची नोंद ते आपल्या अंगावर करून घेते. लाल तांबे बदामी होते, बदामी काळपट होते, आणि दुर्लक्ष झाले तर हिरवा कळंक चढतो. त्यात कोणी उत्साही मालकाने ते चिंचेने घासावे तसे घासून लखलखीत केले, की संपलेच. चकाकी येते, पण कातडी गेलेली असते. म्हणून १९६७ साली स्थापन झालेल्या 'अर्ली अमेरिकन कॉपर्स' या संग्राहकमंडळाच्या सभासदांनी आपली निराळी पद्धत राखली आहे. ते आधी कोरीव कामाची किती रेखीवता उरली आहे ते पाहून गुण देतात, आणि मग खड्डे, ओरखडे, गंज, घासणी यांचे गुण वजा करतात. समजा, तीस गुणांची रेखीवता आणि गंजामुळे निव्वळ बारा. ही दोन्ही अंगे ते सांगतात, आणि शिवाय नाण्याच्या एकंदर रूपासाठी शब्द वापरतात. त्यांतल्या सर्वांत खालच्या पायरीचा बोलीतला शब्द मराठीत आणायचा तर 'कळकट' असाच आणावा लागेल. आम्हांस ही पद्धत अधिक प्रामाणिक वाटते. बारा गुण दोन रीतींनी मिळू शकतात: एक नाणे लोकांच्या हातांतून फिरून सरळपणे झिजलेले, तर दुसरे मुळात रेखीव पण जमिनीत पडून खाल्लेले. दोघांच्या जीवनकथा भिन्न आहेत. डबीवरच्या चिठ्ठीत दोघेही बारा. त्यातून डबी जुन्या पद्धतीची असली तर नाण्याची कडही तिच्यात झाकली जाते. आणि १७९३ च्या सेंटांच्या कडेवर तर वेल किंवा अक्षरे कोरलेली असत. म्हणजे मजकुराचा एक भाग परीक्षेनंतर कोणी वाचूच नये अशी सोय.

आता शेल्डन यांच्या दुसऱ्या उद्योगाकडे वळू, कारण त्याशिवाय पुढची हकिगत समजणार नाही. नाण्यांना गुण देणारे हे गृहस्थ माणसांनाही गुण देत असत. 'एंडोमॉर्फ', 'मेसोमॉर्फ', 'एक्टोमॉर्फ' हे शब्द त्यांचेच. प्रत्येक मनुष्यदेहाला मेद, स्नायू आणि कृशता यांबद्दल एक ते सात असे तीन आकडे द्यायचे, आणि त्या तीन आकड्यांवरून स्वभावाचा अंदाज बांधायचा, अशी त्यांची उपपत्ती होती. १९४० आणि १९४२ साली त्यांनी या विषयावर ग्रंथ लिहिले. दोन्हींच्या शीर्षकांत 'व्हरायटीज' हा शब्द आहे, जो नाण्यांच्या ठसाभेदांसाठीही वापरतात. १९५४ साली त्यांनी पुरुषदेहांचा सचित्र 'ॲटलास' काढला. या अभ्यासासाठी अमेरिकेतील नामवंत विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांची विवस्त्र छायाचित्रे वापरली गेली होती. १९९५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या साप्ताहिकात त्याविषयीचा लेख आल्यावर मोठी खळबळ उडाली आणि जपून ठेवलेली छायाचित्रे लोकांच्या दृष्टीआड करण्यात आली. देहावरून स्वभाव ठरवणारी त्यांची उपपत्ती मानसशास्त्राने केव्हाच टाकून दिली आहे. नाण्यांची मोजपट्टी मात्र जगभर चालते. एकाच मनाची ही दोन अपत्ये. एकाला आपण घराबाहेर काढले आणि दुसऱ्याला गादीवर बसवले.

पण हे काहीच नव्हे.

जॉर्ज क्लॅप हे पिट्सबर्गचे उद्योगपती, ॲल्युमिनियमच्या धंद्यातले. तांब्याच्या सेंटांचा त्यांचा संग्रह अमेरिकेतील श्रेष्ठ संग्रहांपैकी एक होता. १९४० च्या दशकात त्यांनी तो न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीला दान केला. शेल्डन तेथे अभ्यासासाठी जात असत. एवढा मोठा तज्ज्ञ. त्याच्यासमोर खण उघडून ठेवले जात. त्या खणांतून शेल्डन यांनी चांगली नाणी उचलली आणि प्रत्येकाच्या जागी त्याच ठसाभेदाचे, पण कमी प्रतीचे नाणे ठेवले. सोसायटीच्या हिशेबाप्रमाणे अशी १२९ नाणी बदलली गेली. शेल्डन यांनी आपला संग्रह १९७२ साली कॅलिफोर्नियातील एका मोठ्या संग्राहकाला विकला, आणि १९७७ साली ते वारले. सोसायटीला या बदलाचा खात्रीलायक उलगडा १९९० च्या आसपास झाला.

या चोरीचा आम्हांस सर्वांत विचार करावासा वाटणारा भाग तिची पद्धत हा आहे. खण मोजले असते तर संख्या बरोबर भरली असती. ठसाभेद तपासले असते तर तेही बरोबर निघाले असते; चोर त्या विषयातला सर्वश्रेष्ठ वाचक होता, तो चुकीचा ठसा कसा ठेवील? यादीत 'अमुक ठसाभेदाचे एक नाणे' अशी नोंद, आणि खणात अमुक ठसाभेदाचे एक नाणे. गेले ते फक्त *ते* नाणे. प्रकार, संख्या, वर्ग यांच्या भाषेत ज्या गोष्टीला नावच नाही ती गोष्ट चोरीला गेली. आणि गुणांची भाषा येथे आणखी कुचकामी, कारण जाणकारांत एकाच नाण्याला वेगवेगळ्या काळी वेगवेगळे गुण मिळतातच. एकेकाळचा पन्नास आज चाळीस ठरला तर लोक म्हणतील, परीक्षक कडक झाले. नाणेच बदलले असेल असे कोणाच्या मनात येईल?

चोरी पकडली गेली ती निराळ्या वाटेने. जुन्या तांब्याच्या संग्राहकांत एक चिकट, कंटाळवाणी आणि थोर परंपरा आहे. कोणते नाणे कोणत्या लिलावात, कोणत्या क्रमांकाखाली, कोणाकडून कोणाकडे गेले याच्या याद्या ते लोक ठेवतात. डेल ब्लँड यांच्यासारख्या अभ्यासकाने त्यात वर्षानुवर्षे घालवली. इंग्रजीत याला 'प्रोव्हेनन्स' म्हणतात. आपण मालकीची वंशावळ म्हणू. तिचा आधार दुहेरी असतो: कागदावरील नोंद आणि छायाचित्र. १७९३ च्या सेंटांचे छायाचित्रफलक एप्रिल १८६९ मध्येच तिथल्या नाणकशास्त्राच्या नियतकालिकात छापले गेले होते. जोसेफ लेव्हिक या संग्राहकाने ते तयार करवले होते. तांब्यावरचा एखादा खळगा, गालावरचा ओरखडा, कडेला बसलेला ठोका या गोष्टी माणसाच्या अंगावरच्या व्रणांसारख्या असतात. दोन नाण्यांवर त्या एकसारख्या असू शकत नाहीत. क्लॅप यांच्या नाण्यांची जुनी छायाचित्रे आणि नोंदी होत्या. खणातली नाणी त्यांच्याशी जुळेनात, आणि जी जुळत होती ती दुसऱ्यांच्या संग्रहांत निघाली. ज्या दोषांमुळे नाण्याचे गुण कापले जातात, त्याच दोषांनी त्याची ओळख पटवली.

प्रकरण न्यायालयात गेले. संग्राहकाने नाणी पैसे देऊन घेतली होती आणि मूळ चोरीला दशके लोटली होती. तेव्हा मुदत संपली, असा त्याचा युक्तिवाद. १९९६ साली कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने तो मान्य केला नाही. मूळ मालकाला चोरी कळते तेव्हापासून मुदत मोजायची, असे न्यायालयाने धरले. कायद्याच्या अभ्यासकांना या निकालात रस असेलच. आम्हांस एवढेच दिसते, की वंशावळ लिहून ठेवलेली नसती तर 'कळणे' ही घटनाच घडली नसती, आणि न कळलेल्या चोरीची मुदत कोणी मोजत नाही.

येथे एक प्रतिपक्ष मांडला जाईल, आणि तो दुबळा नाही. वंशावळीचे हे कौतुक म्हणजे श्रीमंतांच्या नावांचे कौतुक नव्हे काय? चार 'स्ट्रॉबेरी लीफ' नाण्यांपैकी सर्वोत्तम नाणे लोरिन पारमेली यांचे म्हणून ओळखले जाते. ते बोस्टनचे, शिजवलेल्या घेवड्याच्या धंद्यावर त्यांनी पैसा केला आणि नाण्यांत घातला. १८९० साली त्यांच्या संग्रहाचा लिलाव झाला. 'पारमेलीचे नाणे' असे म्हटल्याने त्या तांब्यात काय भर पडते? लिलावाच्या सूचिपत्रात भाव वाढतो, एवढेच ना? हा आक्षेप आम्ही अर्धा स्वीकारतो. नावांची मिरवणूक ही वंशावळीची विकृती आहे, आणि लिलावगृहे ती हौसेने काढतात. शिवाय वंशावळी रचताही येतात. 'पेनी व्हिम्सी'च्या कामात शेल्डन यांचे सहकारी असलेले वॉल्टर ब्रीन यांनी १९८८ साली अमेरिकन नाण्यांचा विशाल कोश लिहिला. त्यातील कितीतरी विधानांना पुढच्या संशोधकांना आधार सापडला नाही. आत्मविश्वासाने लिहिलेली आख्यायिका ही गप्प बसलेल्या यादीपेक्षा नेहमीच अधिक वाचली जाते.

पण उरलेला अर्धा आक्षेप आम्हांस मान्य नाही. वंशावळीचे मोल मालकाच्या नावात नसून, ती तपासता येते यात आहे. १८९० च्या सूचिपत्रातील वर्णन, नंतरचे छायाचित्र, आणि आज हाती असलेले नाणे, या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून 'हे तेच का?' असे विचारता येते. गुणांच्या आकड्याला हा प्रश्न विचारता येत नाही. आकडा कोणी दिला, कशासाठी किती वजा केले, कोणत्या दिव्याखाली पाहिले, हे चिठ्ठीवर नसते. म्हणूनच तर काही मालक डबी फोडून तेच नाणे पुन्हा परीक्षेला पाठवतात आणि या खेपेस एखादी पायरी वर मिळेल अशी आशा करतात. पुनर्मूल्यांकनाचे अर्ज भरणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हे सांगितले तर त्यांना फिलाडेल्फिया फार दूर वाटणार नाही.

असो. आमच्या स्वतःच्या घराकडे पाहू. इतिहासाचार्य राजवाडे यांना बीडजवळ पाटांगण येथे ज्ञानेश्वरीची एक पोथी मिळाली. ती एकनाथांच्या पूर्वीची आहे असे त्यांचे म्हणणे होते, आणि तिची संहिता त्यांनी १९०९ साली प्रसिद्ध केली. पोथी एकनाथपूर्व असेल तर तिचे मोल किती, हे मराठीच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी पाठ शुद्ध करण्यापूर्वीची ती ज्ञानेश्वरी ठरेल. तिच्यावर प्रचंड वाद झाला. राज्य शासनाने १९६० साली काढलेल्या आवृत्तीलाही तिचाच आधार होता. परंतु मूळ पोथी पुढच्या अभ्यासकांच्या हाती लागली नाही. राजवाड्यांची योग्यता, त्यांची दृष्टी, त्यांनी लिहिलेले ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरण, हे सारे मोठे आहे. त्यांच्याविषयी शेल्डनसारखा संशय घेण्याचा येथे प्रश्नच नाही, तसा कोणी घेऊही नये. मुद्दा निराळा आहे. पोथीचे अक्षर, शाई, कागद, पुष्पिका पुन्हा पाहता येत नाहीत, म्हणून शंभर वर्षांनंतरही आपण त्या संहितेच्या प्रतीविषयी फक्त मते बाळगू शकतो. राजवाड्यांनी दिलेला आकडा आपल्याजवळ आहे, नाणे नाही.

आणि आज वर्गांत काय चालते? विद्यार्थी अभंग उद्धृत करतो. तो कोणत्या गाथेतला, कोणी संपादिलेल्या, कोणत्या साली छापलेल्या, हे तो सांगत नाही, कारण आम्ही विचारत नाही. तुकारामांच्या नावावर मोबाईलवर फिरणारा अभंग आणि १८७३ साली पूर्ण झालेल्या पंडितांच्या गाथेतला अभंग यांत त्याच्या दृष्टीने ठसाभेद नाही. संख्या बरोबर, प्रकार बरोबर. खण भरलेला आहे. पाठचिकित्सेची प्रश्नपत्रिका बहुतेक ठिकाणी पर्यायी झाली, आणि पर्यायी गोष्टींचे पुढे काय होते ते सर्वांस ठाऊक आहे. साहित्यकृतीचे 'मूल्यमापन करा' असे दहा गुणांचे प्रश्न आम्ही दरवर्षी काढतो. 'हा पाठ तुमच्यापर्यंत कसा आला ते लिहा' असा प्रश्न या लेखाच्या निमित्ताने तरी एखाद्या अभ्यासमंडळाने काढून पाहावा, अशी आमची सूचना आहे. पाच गुणांचा असला तरी चालेल.

त्या बारा गुणांच्या नाण्याविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. या प्रकारची चारही नाणी झिजलेली आहेत. कोऱ्या अवस्थेत एकही उरलेले नाही. म्हणजे १७९३ मध्ये ती कोणालाही विशेष वाटली नाहीत. कोणी जपून ठेवली नाहीत, सर्वांनी खर्च केली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संग्राहकांच्या नजरेस पडेपर्यंत ती भाजीबाजारात, खानावळीत, नदीवरच्या नावाड्याच्या हातात, पोरांच्या खिशात फिरत राहिली. त्या साठ-सत्तर वर्षांतल्या एकाही मालकाचे नाव कोणत्याही यादीत नाही, आणि सत्तरपैकी जे अठ्ठावन्न गुण कापले गेले ते जवळजवळ सगळे त्याच लोकांनी कापले आहेत.